हात लावला आणि तुटलं, आता काय? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच जातीचे आहेत, घरी इंजिनचं काम काढलं आणि ते काम राहिलं बाजूला, दुसरंच काहीतरी मोडून बसलं. म्हणून अख्खं सदर त्यालाच देतोय. सगळ्यांना माझं म्हणणं एकच, पार्ट मोडतो एका सेकंदात पण खर्च वाढतो तो पुढच्या अर्ध्या तासात, घाबरून आपण जे काय करत सुटतो त्याने. तेव्हा आधी पाना खाली ठेवा.

प्रश्न : काका नमस्कार, बाबांची जुनी मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. मी स्वतः स्पार्क प्लग बदलत होतो. दोन नीट बसले, तिसरा जड जात होता तरी पान्याने फिरवला आणि मग तो एकदम सैलच पडला. काढून बघितला तर आट्यांमधे चमकणारा चुरा अडकलेला. आता प्लग आत जातो पण नुसता फिरत राहतो. मित्र म्हणतो अराल्डाइट लावून बसव, काही होत नाही. बाबांना अजून सांगितलं नाहीये. — एक वाचक, नाशिक

अराल्डाइट लावायचं नाही, एमसील नाही, आट्यांना टेप गुंडाळणं नाही. आत स्फोट होतो त्या वेळी दाब चाळीस-पन्नास बारपर्यंत जातो, आणि प्लगला लागणारी उष्णता बाहेर पडायची वाट म्हणजे हेच आटे आणि खालची बैठक. तिथे गोंद भरला की प्लग तापत राहणार आणि एक दिवस बाहेर उडणार, बॉनेट उघडं असेल तर कोणाच्या तोंडावर. मित्राला हे सांग.

झालंय काय तर हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग लागतो) ॲल्युमिनियमचं, प्लग स्टीलचा. प्लग जड गेला तेव्हाच तो तिरका लागला होता, त्यावर पान्याचा जोर आला आणि स्टीलने ॲल्युमिनियमचे आटे कापून काढले. तो चमकणारा चुरा म्हणजे तुझ्या हेडचे आटे. आता हे बघायचं की सगळे गेले का वरचे दोन-तीनच. बॅटरी टॉर्च धरून भोकात बघ, खालचे आटे स्वच्छ गोल दिसत असतील तर नशीब चांगलं आहे. आतून बाहेर येत आटे सरळ करणारा बॅक टॅप मिळतो, तो चांगल्या आट्यांवर बसून वरचे खराब आटे सुधारत येतो. तुझ्या प्लगचा आटा १४ मिमीचा, १.२५ पिचचा, दुकानात तोच माग. पण तुझा प्लग नुसता फिरतोय म्हणतोस त्यावरून मला वाटतं की यात आटे उरलेले नाहीत, मग बुश किंवा हेलिकॉइल बसवणं हाच रस्ता. भोक मोठं करून नवीन आटे पाडायचे आणि त्यात स्टीलचे आटे कायमचे बसवायचे. साधं स्प्रिंगसारखं हेलिकॉइल कधीकधी पुढच्या वेळी प्लगबरोबरच बाहेर येतं, म्हणून प्लगसाठी मी कॉलरवालं बुशच सांगेन. ते नीट बसलं तर मूळ आट्यांपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे इंजिन वाया गेलं असं अजिबात समजू नकोस.

हे काम हेड न काढता होतं, पण तू करू नकोस. आटे पाडायचा टॅप तिरका गेला तर प्लगही जन्मभर तिरकाच बसणार. चांगला लेथवाला किंवा हेडचं काम करणारा गाठ. तो हेड जागेवर ठेवूनच करणार असेल तर त्याला दोन गोष्टी विचार, टॅपच्या खाचांत ग्रीस भरणार का (चुरा ग्रीसला चिकटून वर येतो) आणि नंतर आतला चुरा कसा काढणार. ग्रीसनंतर बारीक नळी लावून व्हॅक्यूम मारायचा, मग कॉइलची वायर काढून प्लग न लावताच थोडा स्टार्टर द्यायचा म्हणजे उरलंसुरलं भोकातून उडून जातं. त्या वेळी पेट्रोलची वाफ बाहेर येते, जवळ विडी-काडी नको आणि भोकावर वाकून बघायचं नाही. तो म्हणाला की एवढं कशाला, जातं सगळं सायलेन्सरमधून, तर दुसरा माणूस बघ.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घे. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा घे, प्लगचं वरचं टोक त्यात खोच आणि त्या पाइपनेच प्लग आत फिरव. तिरका लागला तर पाइप हातात घसरतो, आटे कापण्याएवढा जोर त्यातून जातच नाही. पाइपने पूर्ण आत गेला की मगच पाना. नवीन वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा, वापरलेला असेल तर वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला फेऱ्याचा बारावा भागच पुरतो. टॉर्क रेंच (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) असेल तर १४ मिमीच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमधे २५ ते ३० न्यूटन-मीटर. इंजिन थंड हवं, गरम हेडवर प्लगशी झटापट करायची नाही.

प्लगच्या बाबतीत दोष नेहमी हाताचाच असतो असंही नाही बरं का. अमेरिकेत फोर्डच्या ५.४ लिटर थ्री-व्हॉल्व्ह इंजिनात सुरुवातीला दोन तुकडे जोडून केलेले प्लग होते, काढताना खालचा भाग कार्बनमुळे हेडमधेच अडकून तुटायचा, मुरलेल्या मेकॅनिकांचेही तुटले. शेवटी कंपनीला प्लग काढायची वेगळी पद्धत लिहून द्यावी लागली, आधी किंचित सैल करायचा, क्लीनर सोडायचं, थांबायचं, मग मागेपुढे करत काढायचा.

आणि बाबांना आजच सांग. गाडी त्यांची आहे, उद्या सकाळी ते किल्ली फिरवतील.

प्रश्न : ऑइल बदलताना चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटाचे आटे गेले, आता थेंब थेंब गळतंय. टेफ्लॉन टेप लावून थोडं कमी झालंय. असं चालवलं तर चालेल का? ऑइल कमी झालं की लाइट लागेलच ना. — एक वाचक, सातारा

लाइटच्या भरवशावर बिलकुल राहू नका. तो लाल लाइट ऑइल किती उरलंय ते सांगत नाही, प्रेशर पडलं की लागतो, म्हणजे तो दिसेपर्यंत बेअरिंग कोरडी चालायला लागलेली असतात. खंबाटकी घाटात नट निसटला तर गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन बसेल. टेप आजच काढा, तिचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.

खाली चुंबक लावून बघा. चिकटला तर चेंबर पत्र्याचं आहे, मग आतल्या नटाला नवीन आटे पाडता येतात किंवा वेल्डिंगवाल्याकडून नवीन नट लावून घेता येतो, पण त्यासाठी चेंबर खाली उतरवायचंच, ऑइल असलेल्या चेंबरला कोणी वेल्डिंग करायला निघाला तर त्याला थांबवा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियमचं, त्याला हेलिकॉइल. बाजारात आपले आटे आपणच कापत जाणारा ओव्हरसाइज नट मिळतो, गॅरेजपर्यंत न्यायला ठीक आहे, कायमचा नको. चेंबर न उतरवता आटे पाडले असतील तर नट उघडा ठेवून वरून अर्धा लिटर स्वस्त ऑइल ओता, चुरा वाहून येतो. आणि वॉशर दर वेळी नवीन. गळायला लागलं की लोक जोर लावतात, तो जोर जुन्या चपट्या वॉशरमुळे लागतो आणि आटे त्यातच जातात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा.

प्रश्न : टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं, बोल्ट आवळताना एकाचं डोकं तुटून हातात आलं. आत अर्धा बोल्ट राहिलाय. ऑनलाइन ईझी-आउट (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) मागवू का? — एक वाचक, डोंबिवली

थांबा, मागवू नका. तुमचा बोल्ट आवळताना तुटलाय, हे फार महत्त्वाचं आहे. सोडवताना जो बोल्ट तुटतो तो गंजून आत जाम झालेला असतो, त्याची गोष्ट वेगळी. आवळताना तुटलेला बोल्ट जास्त ताणला म्हणून तुटतो, आणि डोकं गेलं की त्याचा ताणही जातो, आतला तुकडा बऱ्याचदा सैलच बसलेला असतो. टोकदार पोकर घ्या, तुटलेल्या तोंडाच्या कडेला टेकवा आणि हलक्या हाताने उलट्या दिशेने ढकलत राहा. बरेचदा फिरतो. थोडा वर आला की बारीक पक्कड.

नाहीच फिरला तर मग ड्रिल, आणि इथे घाई नको. तुटलेलं तोंड वेडंवाकडं असतं, आधी ते सपाट करून बरोबर मध्यावर पंच मारा, नाहीतर ड्रिल कडक बोल्टवरून घसरून बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममधे शिरतं आणि साधं काम अवघड होऊन बसतं. उलट्या फिरणाऱ्या ड्रिल बिट मिळतात त्या आणा, भोक पाडता पाडताच तुकडा बाहेर आल्याचं मी कितीदा बघितलंय. ईझी-आउटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ६ मिमीच्या बोल्टला घरी ते वापरूच नये. ते इतकं कडक आणि ठिसूळ असतं की आत तुटलं तर साध्या ड्रिलने कापलं जात नाही, मग हेड काढून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणाऱ्याकडे) न्यायचं, तशी कामं करणारे भोसरीत किंवा कोल्हापूरला उद्यमनगरात मिळतील पण हेड काढायची मजुरी वेगळी.

कव्हर उघडं असताना कॅमशाफ्टवर स्वच्छ कापड घट्ट झाका, ऑइल खाली जायची भोकंसुद्धा. लोखंडाचा कीस तिथून खाली गेला तर थेट चेंबरमधे. आणि हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरचे असतात, म्हणजे लांब पाना नकोच, छोट्या रॅचेटला डोक्याजवळ धरून दोन बोटांनी जेवढं आवळेल तेवढंच. कव्हर गळत असेल तर त्याचा इलाज पॅकिंग आहे, जोर नाही.

प्रश्न : एअर फिल्टरचा पाइप काढला होता, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करताना एक छोटा नट आत पडला. दिसत नाहीये. स्टार्ट करून बघू का, कदाचित आत नसेलच. — एक वाचक, पणजी

नाही. किल्ली काढून खिशात ठेव आणि घरच्यांनाही सांग. नट सापडेपर्यंत तो आतच आहे असं धरायचं. इंजिन सुरू झालं तर तो हवेबरोबर व्हॉल्व्हकडे खेचला जाईल, पिस्टनवर ठोकेल, व्हॉल्व्ह वाकवेल.

आधी बॉनेटखाली सगळीकडे शोध, खालच्या पत्र्यावर, बॅटरीच्या ट्रेमधे, जमिनीवर, कारण खूपदा तो तिथेच सापडतो. नाहीच मिळाला तर फोनला लावायचा बारीक कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो आत घाल. नट लोखंडी असेल तर लवचिक दांडीच्या चुंबकाने येईल. नेहमीच्या स्टेनलेसचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर चुंबक काही कामाचा नाही, काडीच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून उचल किंवा व्हॅक्यूमला बारीक नळी जोड. त्याचाच जोडीदार नट हातात असेल ना, त्याला चुंबक लावून बघ, लगेच कळेल. तरीही मिळाला नाही तर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचा भाग) काढायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे पण करायचंच.

प्रश्न : हेड पॅकिंग खरवडताना हेडला ओरखडा पडला. एमरी पेपरने घासून काढू का? — एक वाचक, अकोला

घासू नका. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर बहुधा चालेल. अडकत असेल आणि ओरखडा सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या किंवा ऑइलच्या भोकाकडे जात असेल तर हेड मशीन शॉपमधे फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) द्या. तिथेच सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) हेड वाकलंय का तेही बघून घ्या, बऱ्याच मॅन्युअलमधे मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. एमरीला नाही म्हणतोय कारण तिचे कण ऑइलमधे मिसळून बेअरिंग खातात, ड्रिलला लावायच्या घासणीच्या चकत्यांबद्दल जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांना लेखी ताकीद दिली होती ती याच कारणाने. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या स्क्रेपरने आणि रिमूव्हर लावून काढायचं, वेळ लागतो, लागू द्या.

प्रश्न : मेहुण्याच्या गाडीचं काम करून देत होतो, फुकट. माझ्या हातून इग्निशन कॉइलच्या कनेक्टरचं लॉक तुटलं आणि एक सेन्सरही गेला. तो काही बोलत नाहीये, पण बहीण नाराज आहे. इन्शुरन्समधे बसेल का? भरपाई मी द्यायची का? — एक वाचक, सांगली

इन्शुरन्समधे नाही बसणार. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेले असतात. अपघात झाला असं सांगून क्लेम टाकायचा विचार कोणी सुचवला तर ऐकूही नका, ती फसवणूक आहे.

दोन गोष्टी वेगळ्या करा. कनेक्टरचं प्लास्टिक इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ झालेलं असतं, ते कंपनीच्या मेकॅनिकच्या हातूनही तुटतं. सध्या केबल टायने आवळून ठेवा, सैल राहिलं तर इंजिन मिस मारेल, आणि नंतर वायरच्या शेपटीसकट नवीन कनेक्टर बसवून घ्या, पुण्याला जाणं झालं तर नाना पेठेत चौकशी करा. हा खर्च जुन्या गाडीचा, तो मेहुण्याने केला तर त्यात काही चूक नाही. सेन्सर तुमच्या हातून गेला असेल, पडला किंवा पाना लागला, तर तो तुम्ही घ्या. काम फुकट होतं हे कारण मला पटत नाही, फुकट म्हणून त्याने दुसरीकडे गाडी नेली नाही ना. नवा सेन्सर आणा, बिल दाखवायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या समोर बसवा.

आणि बसवायच्या आधी खात्री करा की सेन्सरच गेलाय. स्कॅनर लावून कोड बघा, कनेक्टरची पिन वाकलीय का बघा. लॉक तुटल्यावर कनेक्टर अर्धवट बसला की लोक सेन्सरला दोष देतात, मी तुमच्या जागी असतो तर पैसे खर्चायच्या आधी तोच कनेक्टर काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पुन्हा पूर्ण आत दाबून बघितला असता.