दाराला चुंबक चिकटत नाही, मडगार्डला चिकटतं: जुन्या गाडीतले दोन पत्रे

तुमचा प्रश्न असा: 1920च्या दशकातली इंग्रजी गाडी, दारांना चुंबक चिकटत नाही, मडगार्डला मात्र घट्ट बसतं. मधे कुणी पत्रा बदललाय का? आणि दाराची चीर वेल्डिंगने भरू का?

पत्रा बदललेला असेलच असं नाही. त्या काळी चासी (इंजिन-चाकांसकटचा खालचा सांगाडा) एका कारखान्यातून यायची आणि बॉडी दुसराच कारागीर बांधायचा, बग्गी बांधावी तशी. आधी अ‍ॅश लाकडाचा सांगाडा, मग त्यावर पत्रा. भार लाकडावर, पत्रा नुसतं कातडं. त्यामुळे दाराला अ‍ॅल्युमिनियम चालायचं: मऊ, हलकं, वाळूच्या पिशवीवर मोगरीने ठोकून हवा तो बाक देता येणारं. कड लाकडावर मुडपायची, बारीक खिळे मारायचे, सांध्यावर बीडिंग, म्हणजे सांधा झाकणारी बारीक पट्टी. मडगार्डाखाली असा सांगाडा नसतो. ते लोंबकळतं, थरथरतं, चाकाने उडवलेले दगड खातं. तिथे पोलादच हवं.

लोक वजनावर बोलतात, पण माझ्या मते खरा प्रश्न जोडणीचा होता. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं. त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा मात्र 2000 अंशांच्या वर. शिवाय पोलादासारखं लाल होऊन ते इशारा देत नाही, आत्ता आहे म्हणता म्हणता भोक पडतं. गॅस वेल्डिंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आलं, पण अ‍ॅल्युमिनियमला पापुद्रा खाणारा फ्लक्स लागायचा आणि तो फ्लक्स धुतला नाही तर पुढे धातूलाच खायचा. हे मी स्वतः भोगलंय. एका दाराची आतली बाजू नीट न धुता रंगाला दिली. दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डच्या रेषेवर रंगाला ओळीने फोड आले, पट्टीने आखल्यासारखे. सगळं खरवडून पुन्हा केलं, अर्थात माझ्या खर्चाने.

अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरोने तर बॉडीचे भाग अ‍ॅल्युमिनियमचे ओतून रिव्हेटने जोडले. देखणं काम, पण खर्चिक.

पोलादाची बाजी पलटवली फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने. त्याने 1912 मध्ये कंपनी काढली आणि 1914 च्या शेवटी बाजारात आलेल्या डॉज गाडीला पूर्ण पोलादी बॉडी दिली. तेव्हा रुंद पत्रा मिळायचा नाही, म्हणून छोटे छोटे दाबलेले तुकडे वेल्ड करून जोडायचे. लाकूड नाही म्हणजे रंग पक्का करायला बॉडी रंगासकट भट्टीत घालता येते. लाकडी सांगाडा भट्टीत गेला तर आक्रसतो, सांधे उघडतात. 1924 मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने बडच्याच परवान्यावर पोलादी बॉडीची गाडी आणली. 1926 मध्ये इंग्लंडमध्ये मॉरिसच्या कारखान्याशेजारी, काउलीला, प्रेस्ड स्टील कंपनी निघाली. पण डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, महाग. हजारो एकसारख्या गाड्या काढायच्या असतील तरच परवडायच्या. पाच-पंचवीस गाड्या बांधणारा कारागीर लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियमवरच राहिला, तसाच तुमच्या गाडीचाही.

आता तुमची चीर. पत्रा लाकडावरून उतरवल्याशिवाय ज्योत लावू नका, सांगाडा करपेल. खिळे लोखंडी असतील तर भोवती पांढरी भुकटी दिसेल. दोन धातूंमध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. तेवढा भाग कापून नवा बसवा. ठोकून कडक झालेला पत्रा आधी मऊ करा: वर कपडे धुण्याचा साबण घासा, मंद ज्योत फिरवत राहा, साबण काळा पडला की थांबा. गार झाला की तो हाताने वाकेल. वेल्ड झाल्यावर फ्लक्स दोन्ही बाजूंनी गरम पाणी आणि ब्रशने घासून काढा, आणि मुडपलेल्या कडेच्या आत आधी पाहा, तो तिथेच लपतो.