चढ कुठे चुकतो?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. (−३, ५) आणि (२, −५) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ ती कधी २ काढते, कधी १०, कधी −१/२. पुस्तकात −२ आहे. सूत्र तोंडपाठ आहे, मग चुकतं कुठे?
— एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : तिन्ही उत्तरं कळवलीत हे बरं केलंत, चूक कोणती ते त्यांवरूनच ओळखू येतं.

आधी बरोबर आकडेमोड. य-निर्देशकांतला फरक −५ − ५ = −१०. क्ष-निर्देशकांतला २ − (−३) = ५. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की −२.

उत्तर २ आलं, तेव्हा खाली क्रम फिरला: −३ − २ = −५. सुरुवात कुठल्याही बिंदूपासून करा, पण वर जो क्रम तोच खाली हवा. १० आलं, कारण कंस गाळून २ − ३ केलं. ही चूक फार मुलं करतात. किंमत ऋण असेल तर आधी कंस घालायचा, मग त्यात संख्या लिहायची. −१/२ मध्ये अपूर्णांकच उलटा झाला.

पडताळ्यासाठी कच्ची आकृती काढू द्या. डावा बिंदू वर, उजवा खाली, म्हणजे चढ ऋणच. २ आणि १० तिथेच बाद. −१/२ मात्र आकृतीला चकवतं. त्यासाठी (−३, ५) पासून क्ष एकेकाने वाढवत य दोनदोनने उतरवा: (−२, ३), (−१, १), (०, −१), (१, −३), (२, −५). पोहोचलो! −१/२ घेतला असता तर पाच पावलांनंतरही य २.५ वरच राहिला असता.

आणि दोन्ही क्ष सारखेच असतील तर भागाकार करूच नये. रेषा उभी असते, तिला चढ नसतो.

प्रश्न : जोतं ४५ सेंटिमीटर उंच आहे. आईच्या व्हीलचेअरसाठी मिस्त्री २ मीटरांत रॅम्प बसवू म्हणतो. चालेल?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या. बिंदू (० , ०) आणि (२००, ४५); चढ ४५/२०० = ०.२२५. व्हीलचेअरसाठी १/१२, म्हणजे सुमारे ०.०८३, याहून जास्त नको. म्हणून जमिनीवर ४५ × १२ = ५४० सेंटिमीटर लांबी लागेल. अंगणात सरळ एवढी जागा नसेल तर रॅम्प मध्ये वळवा आणि वळणावर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा ठेवा. तिचा चढ ०, त्यामुळे ती या ५४० मध्ये धरायची नाही.