हीटर बंदच होईना, प्रवाळ फिकट पडले

प्रश्न : मडगावच्या फ्लॅटमध्ये आमची २०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातल्या जिवंत प्रवाळांची) आहे. रात्री एसी लागतो म्हणून २०० वॅटचा हीटर लावला. तो चालूच राहिला, सकाळी पाणी ३१ अंशांवर! दोन प्रवाळ फिकट पडलेत. काय करावं?

उत्तर : फिकट म्हणजे मेलेले नव्हेत, धीर धरा. आधी हीटरचा प्लग काढा, मगच पाण्यात हात घाला. पाणी तासाला साधारण अर्धा अंश उतरू द्या. पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा सोडा, वेव्हमेकरचं (पाण्यात लाटा करणाऱ्या पंपाचं) तोंड वर वळवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. सुटा बर्फ नको, खारेपणा घसरतो. वाऱ्याने उडालेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढा. अमोनिया रोज तपासा. दोन आठवडे दिवे निम्म्यावर ठेवा आणि प्रवाळ जागचे हलवू नका.

सारख्या चालू-बंदमुळे थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) पट्ट्या ठिणग्यांनी चिकटतात, मग हीटर थांबतच नाही. गोव्यात २०० वॅट मुळातच जास्त. ५०-५० वॅटचे दोन लावा, म्हणजे एक अडकला तरी पाणी फार तापणार नाही. बाहेरचा कंट्रोलर (पाण्याचं तापमान मोजून हीटरची वीज तोडणारं वेगळं यंत्र) मात्र हवाच : तो २५.५ अंशांवर लावा, हीटर स्वतः २७ वर. त्याचा सेन्सर पाण्यात घट्ट बसवा. बाहेर निसटला तर तो एसीची थंड हवा मोजतो आणि हीटरची वीज तोडतच नाही. पाणी बदलण्याच्या १५ मिनिटं आधी हीटर बंद करा, नाहीतर उघडी पडलेली तापलेली काच तडकते. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आजच बसवून घ्या.