घसा कोरडा पडतो तो मोबाईलमुळं नव्हे

«आक्का, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, वय ४२. शिरोलीच्या फाउंड्रीतलं मिस्टरांचं काम सुटल्यापासून घरात कांदा-लसूण चटणी करून विकते. पेठेतली गिऱ्हाइकं आहेतच, पुण्या-मुंबईलाही पार्सलं जातात. लेक म्हणते, आई, व्हिडिओ टाक, ऑर्डरी वाढतील. पण मोबाईल समोर धरला की घसा कोरडा पडतो आणि तोंडातून पुस्तकातलं बोलणं यायला लागतं. नंतर बघितलं की आपलाच आवाज, आपलेच दात नकोसे होतात. मागच्या वर्षी धीर करून एक व्हिडिओ टाकला होता. हळदीकुंकवाला नात्यातल्या एकीनं सगळ्या बायकांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल केली. मी त्याच रात्री तो काढून टाकला. सासूबाई म्हणाल्या, चार माणसांत तोंड दाखवून चटणी विकायची वेळ आली का आपल्यावर? आक्का, दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी मी तासभर बोलते. मोबाईलसमोरच असं का होतं?
— एक चटणीवाली, कोल्हापूर»

बाई गं,

दारातल्या गिऱ्हाइकाशी तू तासभर बोलतेस हे तूच लिहिलंयस, त्यामुळं तुला लाजाळू म्हणायला मी तयार नाही. बोलणं तुला येतं. तुला धास्ती आहे ती त्या मोबाईलच्या पलीकडं बसलेल्या ओळखीच्या माणसांची. तो समोर आला की तुझ्या डोळ्यांपुढं पुण्याचं गिऱ्हाईक येत नाही, ती हळदीकुंकवातली बाई येते, तिच्यामागं हसणाऱ्या बाकीच्या येतात. त्यांना नावं ठेवायला जागा राहू नये म्हणून तू जपून बोलायला जातेस, आणि जपून बोललं की पुस्तकातलंच बोलणं येतं.

त्या बाईनं केलं ते वाईटच केलं. «सोडून दे, मनाला लावून घेऊ नको» असं मी तुला सांगणार नाही. आपल्या माणसांत हसं झालं की ते अंगाला चिकटून राहतं. जमलं तर तिला एकटीला गाठ आणि «त्या दिवशी तुम्ही केलंसा ते मला लागलं» एवढं सरळ म्हण. ती काय उत्तर देईल त्याची वाट बघत बसू नकोस.

आता त्या रात्रीचं. व्हिडिओ काढून टाकलास तेव्हा तुला हायसं वाटलं असणार. गोम तिथंच आहे. भीती वाटली, पळालं, बरं वाटलं, की मन तीच वाट पाठ करतं, आणि पुढच्या खेपेला मोबाईल हातात घ्यायच्या आधीच घसा कोरडा पडतो. भीती उतरते ती तिच्याजवळ थोडं थोडं थांबून, सोसेल एवढंच. म्हणून एकदम सगळ्या जगापुढं जायचं नाही. लेकीला सांग, व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन स्टेटस फक्त निवडलेल्या माणसांना दिसेल असं करून दे. तिथं तुझी जुनी, रोख पैसे देणारी, चटणी संपली की स्वतःहून फोन करणारी गिऱ्हाइकं निवड. भावकीतलं एकही नाव नको. यात लबाडी नाही. दुकानाचं दार कुणासाठी उघडायचं हे दुकानदारानंच ठरवायचं असतं. पुढं इन्स्टाग्रामवर धंद्याचं खातं काढशील तेव्हा फोनमधले नंबर त्याला जोडू देऊ नकोस, म्हणजे तुझं खातं नातेवाइकांपुढं जाण्याची शक्यता कमी होते.

आवाजाचं आणि दातांचं म्हणशील तर त्याला साधं कारण आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला कानातून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणारा भाग जाड, भरदार असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. तो फक्त तुला परका. गिऱ्हाइकांनी तुझा आवाज आजवर तसाच ऐकलाय आणि तरीही ती परत येतात. चेहऱ्याचंही तेच. जन्मभर आपण स्वतःला आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. व्हिडिओत ते सुलट दिसतं आणि चेहरा वाकडा, दात नको तिथं आल्यासारखे वाटतात. १९७७ साली अमेरिकेत मानसशास्त्राच्या तीन संशोधकांनी हे तपासलं होतं. बायकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या जवळच्यांना सुलट. दातांचा विचार तुझ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात नाही. तिला हवं असतं, रंग कसा आलाय आणि तिखट किती आहे.

आणि ते दाखवायला सुरुवातीला तोंड लागतच नाही. आपल्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला डबा बांधून. तुझ्यासाठी तो डबा म्हणजे तुझे हात. पहिले बरेच व्हिडिओ फक्त हातांचे कर. आत्ता मिरचीचे दिवस आहेत, पाऊस लागायच्या आत वर्षाची चटणी व्हायची, म्हणजे दाखवायला रोज काहीतरी आहे. गडहिंग्लजच्या बाजारातनं आणलेली संकेश्वरी आणि रंगासाठी घेतलेली ब्याडगी शेजारी शेजारी चटईवर पसर. संकेश्वरीचं देठ खुडताना बोटं कशी चालतात ते अगदी जवळून घे. खोबऱ्याचे काप तेलात लालसर व्हायला लागतात, वाळवलेला कांदा कढईत पडल्यावर पहिल्यांदा पांढरा फेस येतो आणि मग तपकिरी रंग धरतो, तीळ तडतडतात, ते घे. मग डंक, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. तिथं पाटीतली लाल भुकटी उडते, बायका नाकाला पदर लावून उभ्या असतात, आणि लसूण पडल्यावर तीच कोरडी भुकटी ओली होऊन गोळा धरते. हे ज्यांनी लहानपणी बघितलंय ती माणसं आज हिंजवडीत आणि ठाण्यात बसलीत. डंकाचा आवाज नुसता चार-पाच सेकंद ठेव, बाकीचा बंद कर. त्यावर बोलायचं ते रात्री घर शांत झाल्यावर, पंखा बंद करून वेगळं रेकॉर्ड कर. तेव्हा समोर कॅमेराच नसतो, आणि तुझं दारातलं बोलणं तिथं आपोआप येईल.

मोबाईलचं थोडक्यात. मागचा कॅमेरा वापर, तो चांगला असतो आणि स्वतःचं तोंड दिसत नाही हा तुला दुहेरी फायदा. आधी भिंग पदरानं पूस, चटणीच्या हातांनी त्यावर तेलकट थर बसलेला असतो. खिडकी तुझ्या तोंडासमोर हवी, पाठीमागं नको. मोबाईल उभा, डोळ्यांच्या उंचीवर, पिठाच्या डब्याला टेकवलास तरी चालेल.

हातांची सवय झाली की मग चेहरा. त्या वेळी एकटीनं मोबाईलकडं बघून बोलू नकोस. लेकीला मोबाईलच्या अगदी शेजारी उभी कर आणि तिला गिऱ्हाइकासारखं विचारू दे: «काकी, यात खोबरं किती? उसळीला किती घालायची? वर्षभर टिकंल का?» तू तिला उत्तर दे. तोंडपाठ काही करायचं नाही. पहिलं वाक्य काय आणि शेवटी ऑर्डर कुठं द्यायची, एवढंच ठरवून ठेव. «नमस्कार मैत्रिणींनो» नको, तिथंच घसा आवळतो. हातात चटणीचा चमचा घेऊन सुरू कर: «ही बघा, आज सकाळी कुटून आणली.» उभी राहून बोल, हाताला काम ठेव, आणि सुरू करायच्या आधी श्वास सावकाश, लांब सोड. अडखळलीस तर थांबू नकोस, तेच वाक्य परत म्हण. अडखळलेला तुकडा लेक कापून टाकेल. काढलेलं लगेच बघत बसू नकोस. दुसऱ्या दिवशी बघ, तेव्हा डोळे जरा मायाळू असतात.

बोली बदलायची नाही हे मात्र मी ठासून सांगते. नक्कल झाली ती तुझ्या बोलण्याची, म्हणून तू तेच लपवायला निघालीस, आणि मला पत्रातलं हेच सगळ्यात जास्त लागलं. कोल्हापूरची चटणी विकणारी बाई कोल्हापूरचंच बोलणार. «लई तिखट न्हाई, पण रंगाला बघा कशी हाय» असं तू म्हणालीस की पुण्यातल्या आपल्या माणसाला ती चटणी आपल्याकडची आहे याचा वेगळा दाखला लागत नाही. पुण्या-मुंबईच्या ताईंसारखं बोललीस, तर चटणी त्यांच्या दुकानातही मिळते.

सासूबाईंचं वेगळं आहे. कॅमेऱ्यापुढं येणं आपल्या गावाला नवं नाही. १९१७ साली बाबूराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथंच घडवला. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनीही इथंच सुरू झाली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, सासूबाई कितीतरी वेळा त्याच्यासमोरून गेल्या असतील. पण त्यांना हे ऐकवून उपयोग नाही. माझ्या मते त्यांना तुझ्या तोंडापेक्षा घरची ओढाताण उघडी पडेल याची लाज वाटते. मुलाचं काम गेलं हे पेठेत पुन्हा पुन्हा निघेल, ही ती काळजी आहे, आणि ती खोटी नाही. त्यांच्या धास्तीतला जो भाग रास्त आहे तो मान: घराचा नंबर, गल्ली, लेकीचं कॉलेज व्हिडिओत येऊ देऊ नकोस, धंद्याला वेगळा नंबर घे, घाण लिहिणाऱ्याला उत्तर न देता सरळ ब्लॉक कर. आणि कामाची लाज वाटण्याजोगं यात काही नाही, हे त्यांच्यापुढं तू आवाज न चढवता, पण स्पष्ट म्हण.

एक विचारून ठेवते. हे सगळं फक्त मोबाईलपुरतं आहे ना? लग्नाकार्यात जाणं, बँकेत बोलणं, अनोळखी फोन उचलणं हेही टाळायला लागली असशील, छातीत धडधडत असेल, तर ते अंगावर काढू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराचे डॉक्टरही असतात.

आणि तुझ्या मिस्टरांचं काम सुटलं यापलीकडं पत्रात त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. व्हिडिओ टाकावा की नको, याबद्दल लेक बोलते, सासूबाई बोलतात, नात्यातली बाई बोलते. मिस्टरांचं काय म्हणणं आहे? काम गेलेला माणूस बायकोच्या धंद्याबद्दल गप्प बसतो तेव्हा त्याच्याही मनात काहीतरी सलत असतं. त्यांना विचार. मिरचीची पोती डंकावर नेणं, पार्सलं बांधणं, हिशोबाची वही यातलं काही ते आधीच करत असतील तर ते तुम्हा दोघांचं आहे असं त्यांच्या तोंडून घरात यायला पाहिजे. सासूबाईंशी बोलायचं काम तुझ्या एकटीचं नाही. ते त्यांनी, आपल्या आईपाशी बसून करायचं. आणि हे बोलणं पहिला व्हिडिओ टाकायच्या आधी होऊ दे.

— आक्का