बंपर न उतरवता फॉग लॅम्पचा बल्ब घरी बदलता येतो का, आणि त्या जागी १०० वॅटचा बल्ब बसवावा का?

आपल्या स्विफ्टचा डावीकडचा फॉग लॅम्प बंद पडला आहे, गॅरेजमध्ये बंपर उतरवावा लागेल असे सांगितले गेले आहे, आणि बदलायचाच तर जास्त वॅटचा बल्ब बसवावा असा आपला विचार आहे. बंपर उतरवण्याची गरज नाही. जास्त वॅटचा विचार मात्र आपण सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दोन्ही दिवे एकदम बंद पडले असते, तर आधी फ्यूज पाहावा लागला असता. एकच बंद असल्यामुळे दोष बहुधा बल्बमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये, म्हणजे बल्बला वीज पोहोचवणाऱ्या तारांच्या जोडणीत, असेल. नवा बल्ब विकत घेण्यापूर्वी जुना बाहेर काढून त्याच्या बुडाशी छापलेला क्रमांक वाचावा. एच ८, एच ११ आणि एच १६ हे बल्ब दिसायला जवळपास सारखे असतात, परंतु ते अनुक्रमे ३५, ५५ आणि १९ वॅटचे असून त्यांच्या कड्यावरील खाचा वेगळ्या असतात. त्यामुळे बल्ब सहज बसत नसेल तर जोर लावू नये. क्रमांक पुन्हा ताडून पाहावा.

गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवावे, म्हणजे डाव्या चाकाच्या पुढे हात घालण्यापुरती जागा होते. त्यानंतर इंजिन व दिवे बंद करावेत, हँडब्रेक ओढावा आणि दिवा नुकताच चालू होता अशी शंका असल्यास तो थंड होऊ द्यावा. चाकाच्या कमानीत आतून जे काळे प्लास्टिकचे अस्तर असते, त्याच्या पुढच्या भागातील स्क्रू व क्लिपा काढून ते हळूच मागे वाकवले की दिव्याची मागची बाजू हाताला लागते. क्लिपा ओढून काढू नयेत, तुटतात. आधी त्यांचा मधला खिळा सोडवावा लागतो. कनेक्टरची कळ दाबून तो ओढावा आणि बल्ब घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवून बाहेर घ्यावा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज किंवा वितळल्याची खूण दिसली, तर नुसता बल्ब बदलून दोष जाणार नाही.

नव्या हॅलोजन बल्बच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांवरचा तेलकटपणा काचेवर राहिला, की बल्ब तापल्यावर त्या जागी काच कमकुवत होते आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने ओलावलेल्या स्वच्छ कापडाने काच पुसून घ्यावी. बल्बच्या बुडाशी असलेली रबरी रिंग नीट बसली आहे ना, हेही पाहावे, कारण पावसाळ्यात पाणी तिथूनच आत शिरते.

आता वॅटविषयी. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज घेतात; १०० वॅटचे दोन बसवले की तोच आकडा १७ च्या जवळ जातो. मूळ तारा व कनेक्टर एवढ्या भारासाठी घातलेले नसतात. फ्यूज उडू लागल्यावर काही जण त्याहून मोठा फ्यूज बसवतात. तेव्हा तर तार पेटण्यापूर्वी वीज तोडणारे काहीच उरत नाही. शिवाय याचा धुक्यात उपयोगही नाही. धुक्यातील जलकण प्रकाश परत डोळ्यांवर फेकतात, म्हणून आंबोली किंवा माळशेज घाटात ऐन पावसाळ्यात अप्पर लावल्यास समोर केवळ पांढरा पडदा दिसतो. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो त्याच्या तीव्रतेमुळे नव्हे, तर तो खाली बसवलेला असतो, प्रकाश रुंद पसरतो आणि वरच्या बाजूने स्पष्ट कापलेला असतो म्हणून; रस्त्याची कडा आणि पांढरी पट्टी त्यातूनच दिसते. साध्या हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घातला, तर प्रकाशाचा उगम मूळ बल्बच्या आतील तापणाऱ्या तारेच्या जागी नेमका येईलच असे नाही, आणि मग ही कापलेली कडा विस्कटून समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

अस्तर परत लावण्यापूर्वी दोन्ही दिवे लावून पाहावेत आणि सायंकाळी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून प्रकाशाची वरची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडते का, हे तपासावे. ती वर गेलेली असल्यास दिव्याजवळचा समायोजनाचा स्क्रू फिरवून खाली आणावी.