प्रश्न वाचकांचे : चित्रकला की जीवशास्त्र?

प्रश्न : मी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाले. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत मला ‘अ’ श्रेणी मिळाली होती. पुढे चित्रकला शिकावी असे वाटते, पण जीवशास्त्रही आवडते. बी.एस्सी. करून चित्रे फावल्या वेळात काढावीत, असे घरच्यांचे म्हणणे आहे. दोन्ही विषय एकत्र शिकता येतील का?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : शिकता येतील, मात्र दोन्ही सारख्याच खोलीने नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीला मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय घ्यावा लागतो, त्यामुळे बी.एस्सी. करतानाही कलेचा एखादा विषय पदरात पडू शकतो. परंतु प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तास. तेवढ्यात जलरंगाची ओळख होते, हात बसत नाही. शिवाय कोणते वैकल्पिक विषय प्रत्यक्ष शिकवले जातात, हे महाविद्यालयागणिक बदलते. ती यादी प्रवेशापूर्वीच मागून घ्यावी.

चित्रकलेची पूर्ण पदवी म्हणजे बी.एफ.ए. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, तेव्हा वसतिगृहाच्या खर्चाचे बोलणे घरी आताच झालेले बरे.

आता मुख्य मुद्दा. चित्र दोन्हीकडे काढावे लागते, परंतु ते एकच चित्र नव्हे. आपल्याकडचे डाळिंब घ्या. स्थिरचित्रात त्याच्या सालीवरची चकाकी, पिवळ्यातून लालात जाणारी छटा आणि टेबलावर पडलेली सावली यांना महत्त्व असते. तेच डाळिंब उभे चिरून जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये काढताना सावलीला जागा नसते. तेथे टोकदार पेन्सिलीची एकसंध रेघ हवी, वरचा मुकुट म्हणजे फळावर टिकून राहिलेला निदलपुंज (फुलाचे सर्वांत बाहेरचे आवरण) हे दिसायला हवे, आतील कप्पे दोन थरांत असतात हे कळायला हवे आणि आपण खातो तो रसाळ भाग हे बीजाचेच बाह्य आवरण आहे, हे नावानिशी दाखवायला हवे. छायांकन केल्याने अशी आकृती देखणी होते आणि गुण मात्र जातात.

म्हणून एकच डाळिंब दोन्ही रीतींनी काढून पाहा. सावलीपाशी अधिक रेंगाळलात, तर फावल्या वेळाचा सल्ला, तो मायेपोटी दिलेला असला तरी, मानू नये असे मला वाटते. कप्प्यांनी अधिक खिळवून ठेवले, तर वनस्पतिशास्त्र घेऊन शास्त्रीय चित्रणाकडे वळता येईल. ती वाट आपल्याकडे जुनीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून सुमारे २५०० वनस्पतिचित्रे करून घेतली होती. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणी नोंदवली नाहीत, ही खेदाची गोष्ट.

प्रश्न : माझ्या मुलाने बी.ए.च्या पहिल्या वर्षाला खुला वैकल्पिक विषय म्हणून जीवशास्त्राची ओळख घेतली आहे. दहावीनंतर विज्ञान सुटले असल्याने त्याला बेडूक कापण्याची आणि आकृत्यांची धास्ती वाटते.
— एक पालक, अक्कलकोट

उत्तर : बेडकाची काळजी सोडा, पदवी स्तरावरील प्राणिविच्छेदन थांबवण्याची सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्येच दिली आहे. सुरुवात बहुधा कांद्याच्या पापुद्र्यापासून होते. पापुद्रा सॅफ्रॅनिन या लाल रंगद्रव्याने रंगवून त्यावर काचेची झाकपट्टी तिरकी टेकवत अलगद सोडावी, नाहीतर आत हवा अडकते. आधी सूक्ष्मदर्शकाच्या १० पटीच्या वस्तुभिंगाखाली पाहावे, मग ४० पटीच्या; नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) १० पटीची असल्यास एकूण ४०० पट मोठे दिसते. नवखी मुले ठळक काळ्या कडेचे गोल हमखास पेशी म्हणून काढतात. ते हवेचे बुडबुडे असतात. कांद्याच्या पेशी लांबट आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात.