कोड लिहिता येत नसेल, तर डॉल्फिनसारख्या एम्युलेटरला मदत कशी करावी?

चांगला बग रिपोर्ट द्या. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणारं सॉफ्टवेअर. निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या डॉल्फिनला बग रिपोर्टची गरज कायम असते.

आधी नवीनतम डेव्हलपमेंट बिल्ड (विकासादरम्यान निघणारी ताजी आवृत्ती) घ्या. चीट, मॉड, हाय-रेझोल्यूशन टेक्श्चर बंद करा आणि सेटिंग मूळच्या ठेवा. सेव्ह स्टेटवरून (एम्युलेटरने जशीच्या तशी साठवलेली त्या क्षणाची स्थिती) सुरू करू नका, गेममधल्याच सेव्हवरून या. जुन्या स्टेटमधली बिघडलेली मेमरीही सोबत येते आणि नसलेला बग दिसतो. गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘व्हेरिफाय’ टॅबवर तुमच्या डिस्कची कॉपी शाबूत आहे का, तेही तपासा. खराब कॉपीवरचा रिपोर्ट डेव्हलपरचा वेळ खातो.

बग पूर्वी नव्हता? मग तो कोणत्या बिल्डपासून आला ते शोधा. सर्वांत मोलाची मदत हीच. चांगली आणि बिघडलेली बिल्ड यांच्या मधली बिल्ड चालवायची, दर वेळी निम्मी यादी बाद करायची. 200 बिल्ड असल्या तरी आठ चाचण्यांत उत्तर मिळतं.

चित्र चुकीचं दिसत असेल, तर ‘टूल्स’मधल्या फिफो प्लेअरने तेवढ्या दोन-तीन फ्रेम रेकॉर्ड करून जोडा. डेव्हलपरला तो गेम नसतानाही बिघाड पाहता येतो. सोबत ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, बॅकएंड (डॉल्फिनच्या सेटिंगमध्ये निवडलेली चित्र काढण्याची पद्धत) आणि त्या जागी पोहोचायच्या पायऱ्या लिहा. गेमची फाइल मात्र कधीच जोडू नका.

याखेरीज डॉल्फिनच्या विकीवरच्या गेमच्या पानांवर चाचणीची नोंद करता येते, आणि मेनूंचं भाषांतर ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं.